बळदातली बोर्दो

मुदत ठेवीच्या टेबलावर अकरा वर्षं काढल्यामुळे माझा एक स्वभावच बनून गेला आहे. कुठलीही वस्तू ठेवली की ती वाढते, असं मला आपलं वाटतं. लग्नातला सूट मी याच श्रद्धेने ठेवला. तो वाढला नाही, मी वाढलो. मामाचा धाकटा फ्रान्समध्ये तूलूझला नोकरीला आहे. 2013 च्या दिवाळीत त्याने तांबड्या वाइनची एक बाटली माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "दादा, लगेच फोडू नको. दहा वर्षं ठेव." माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "व्याज काय पडेल?"

बाटली खरं म्हणजे त्याने वडिलांसाठी आणली होती. मामा पडले माळकरी. तेव्हा वारसाहक्काने ती भाच्याकडे आली.

बाटली बोर्दोची, मेदोक भागातली, 2010 सालची. लेबलावर एक वाडा होता आणि त्याखाली उच्चारायला भीती वाटेल असं नाव. किंमत नऊ युरो. म्हणजे तिकडे अगदी कारकुनी वाइन. (इकडे तेव्हा परदेशी वाइनवर 150 टक्के सीमाशुल्क होतं, दुकानातून घेतली असती तर तीच बाटली साहेब होऊन आली असती.) मेदोकच्या थोरामोठ्या वाइनींची पाच पायऱ्यांची यादी 1855 साली पॅरिसच्या प्रदर्शनासाठी झाली. तिच्यात दुसऱ्या पायरीवरून पहिलीवर आजवर एकच वाइन चढली, तीही 1973 साली. 118 वर्षांत एक बढती! हे वाचल्यापासून मी आमच्या हेड ऑफिसला शिव्या देणं सोडून दिलं आहे. आमची बाटली त्या यादीत नव्हतीच. पण 2010 हे साल बोर्दोत फार चांगलं गणलं जातं, आणि चांगल्या सालात कारकुनालाही बोनस मिळतो.

आता ठेवायची कुठे? शास्त्र म्हणतं, अंधार हवा, गारवा बारा-चौदा अंशांचा हवा, बाटली आडवी हवी म्हणजे बूच ओलं राहतं, आणि तिला हलवू नये. या सगळ्या अटींत बसणारी नाशकातली एकच जागा माझ्या माहितीची होती : बँकेची लॉकर रूम. पण लॉकरच्या करारात नाशवंत आणि ज्वालाग्राही वस्तूंना मनाई असते. वाइन यातल्या कशात मोडते हे साहेबांना विचारण्याचं धैर्य झालं नाही. म्हणून पहिला उन्हाळा ती आमच्या फ्लॅटच्या माळ्यावर राहिली. मे महिन्यात नाशिकचा पारा चाळिशी गाठतो आणि आमचा माळा नाशिकच्याही पुढे असतो. जूनमध्ये बाटलीला हात लावला तर ती अंगात ताप असल्यासारखी लागली.

मग तिला निफाड तालुक्यात मामांच्या घरी नेलं. जुनं मातीच्या भिंतींचं घर, भिंतीच्या पोटात धान्याचं बळद. मामींनी ती गोणपाटात गुंडाळून बाजरीत आडवी पुरली. पुढे सप्ताहाला आलेले एक महाराज त्याच खोलीत बळदाला पाठ लावून सात रात्री झोपले. त्यांना गाढ झोप लागली एवढं मला ठाऊक आहे.

2010 या सालाचं आमच्या मामांशी जरा वाकडं आहे. नाशिकला वाइनच्या द्राक्षांचा जोर झाला तो राजीव सामंतांनी गंगापूरकडे लावलेल्या वेलींपासून. 2000 साली त्यांची पहिली वाइन आली, 2001 मध्ये सरकारचं धोरण आलं, विंचूरला वाइन पार्क आला. मामांनी 2005 साली थॉमसन काढून तीन एकर कॅबर्ने लावली. गळ्यात माळ आणि शेतात दारूची द्राक्षं, यावरून गाव बोललं. मामा म्हणाले, "कापूस पिकवणारा सगळाच कापूस नेसतो का?" मग मंदी आली, मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली, आणि ज्यांच्याशी करार होता त्यांनी माल उचलला नाही. वाइनचं द्राक्ष एवढुसं, जाड सालीचं, बियांनी भरलेलं. ते मंडईत कोण घेणार? 2010 मध्ये मामांनी बाग तोडली. तालुक्यात कितीतरी जणांनी तोडली. त्याच वर्षी तिकडे बोर्दोत आमच्या बाटलीतली द्राक्षं खुडली जात होती. पोरगा फ्रान्सला गेला तो त्यानंतर.

2024 च्या फेब्रुवारीत, एका रविवारी ओटीवर बाटली फोडली. बूच निम्मं बाहेर आलं, निम्मं आत पडलं. मामींनी चहाची गाळणी दिली. तळाशी चांगला बोटभर साका होता. सालीतला आणि बियांतला तुरटपणा वर्षानुवर्षं एकमेकांना चिकटून जड होतो आणि खाली बसतो, त्याचा तो साका. वाइन नासल्याची ती खूण नव्हे. रंग मध्ये डाळिंबासारखा, कडेला विटकरी.

या वाइनींची वर्णनं वाचली की मी हैराण होतो. त्यात हटकून 'ब्लॅककरंट' असतो. आमच्या आळीत तो कुणी पाहिलेला नाही. तेव्हा मी आपला आमच्या हिशेबाने लिहितो. पहिला वास बंद ट्रंक उघडल्याचा. अर्ध्या तासाने तो गेला आणि नवी पेन्सिल सोलल्याचा वास आला, मागून ओल्या मातीचा, आणि त्यात मिसळलेला बेदाण्यांचा. हे बेदाणे फ्रान्सचे नव्हेत, आमच्या माळ्यावरचे. एका मे महिन्याचं पाप दहा वर्षं बळदात ठेवूनही फिटलं नव्हतं. चव? कच्चं जांभूळ जीभ धरतं तसा तुरटपणा कॅबर्नेत असतो. इथे तो सुपारी खाऊन झाल्यावर उरतो तेवढाच राहिला होता. आंबटपणा मात्र ताठ, पेन्शनीतल्या हेडमास्तरांसारखा. फळ जवळजवळ संपलेलं. भाजलेल्या शेंगदाण्यांबरोबर ती छान बोलली, ठेच्यापुढे मात्र एक शब्द काढीना. तासाभरात दमलीच.

माझं मत विचाराल तर पाच-सहा वर्षं उशीर झाला. ठेवलेली वाइन वाढते ही माझी समजूत चुकीची होती. तिच्यातलं फळ जातं आणि त्या बदल्यात माती, लाकूड, तंबाखू असलं काही येतं. व्याज नव्हे, नुसती अदलाबदल. ती परवडण्याइतकं भांडवल थोड्याच बाटल्यांत असतं. आपल्या नाशिकची शिराझ मी तीन वर्षांच्या आत संपवतो ते बरोबरच करतो. तिच्यात ऊन असतं, ते उन्हाळ्यासारखंच वेळेवर घ्यावं. पण आमच्या कारकुनी बोर्दोला मी नापासही करणार नाही. पहिल्या अर्ध्या तासानंतरची दहा मिनिटं तिने मला गप्प बसवलं, आणि हे आमच्या हिला सतरा वर्षांत जमलेलं नाही.

मामा इतका वेळ कोपऱ्यात बसून पाहत होते. त्यांनी ग्लास मागून घेतला, तोंडाला न लावता नाकाशी धरला, डोळे मिटले. मग गाळणीतला साका चिमटीत घेऊन चोळला.

"कॅबर्नेच हाये," ते म्हणाले. "ढोबळी मिरचीचा वास आहे बारीकसा. आमच्या मालाला जास्त यायचा." थोड्या वेळाने म्हणाले, "तिकडं वेल थंडीत झोपतो. इथं आपण त्याला वर्षातून दोनदा छाटतो. झोपू कुठं देतो?"

मग उठून चपला घातल्या. आम्ही मागोमाग. गोठ्याच्या मागे, कुडावर चढवलेला एकच वेल होता, काळ्या बारीक घडांनी लगडलेला. बाग तोडली तेव्हा जेसीबीवाल्याला त्यांनी हा एवढा सोडायला सांगितला होता. चौदा वर्षं दोन्ही छाटण्या करत आले, एप्रिलची खरड आणि ऑक्टोबरची. मामींना ठाऊक होतं, आम्हाला कुणालाच नाही.

"याचं काय करता मामा?"

"पाखरं खातात."

त्यांनी एक घड तोडून आमच्या हातावर ठेवला. जाड साल, दाट गोडी, आणि मागून जीभ धरणारा तो तुरटपणा; बाटलीत हरवलेलं सगळं इथे जागच्या जागी होतं. मी दुसरा मणी तोंडात टाकला. ही कुडाशी उभी राहून थुंकत होती. "किती बिया हो मामा याच्यात!"