ठोका पोचतो, शब्द पोचत नाही

आजचा विषय आहे आपल्या जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यात घरी, किंवा गावच्या सुताराकडून, बनवून घेतले जाणारे स्पीकरचे खोके. नाटकाचं परीक्षण होतं, पुस्तकाचं होतं, मग खोक्याचं का होऊ नये? जत्रेत, हरिनाम सप्ताहात, बैलगाड्याच्या घाटात आपण जे ऐकतो ते शेवटी या खोक्यातूनच ऐकतो.

आधी जे चांगलं आहे ते सांगतो. आपल्या माणसांना लाकूड कळतं. स्पीकरचा पडदा पुढे हवा ढकलतो तेव्हा मागे तीच हवा ओढतो. हे दोन आवाज एकमेकांना भेटले की खर्ज तिथल्या तिथे मरतो. खोका त्यांना वेगळं ठेवतो. पण त्याच्या भिंती स्वतः गायला लागल्या तर सगळं मुसळ केरात. १२ मिलिमीटरच्या जागी १८ मिलिमीटर फळी घेतली, तर जाडी दीडपट होते आणि ताठपणा जवळजवळ साडेतीनपट, कारण ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. आत एक आडवी पट्टी मारली की भिंत आणखी गप्प होते.

लाकूड कुठलं, हा वाद नेहमीचा. एमडीएफ जड असतं, सगळीकडे एकसारखं असतं, बोटानं ठोकलं तर ठस्स वाजतं. घरातल्या बैठकीच्या खोलीत ते उत्तमच. पण पाणी लागलं की त्याची कड फुगते आणि स्क्रू ढिला होतो. भीमाशंकर-नाणेघाटाकडचा पाऊस आणि टेम्पोतला प्रवास त्याला झेपत नाही. सागाची किंवा आंब्याची अखंड फळी पावसाळ्यात रुंदीत फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि सांधे उघडतात. म्हणून पाण्याला टिकणाऱ्या डिंकाचा चांगला प्लायवूड, ही आपल्या सुतारांची निवड बरोबर आहे. इथे पैकीच्या पैकी गुण.

आमची तक्रार पुढे सुरू होते. पुण्याला तपकीर गल्लीत खरेदीला गेलेला माणूस मॅग्नेट हातात घेऊन वजन बघतो, किती वॅट ते विचारतो, आणि उरलेल्या पैशात क्रॉसओव्हर घेतो. जाड आवाज कुणाकडे आणि बारीक आवाज कुणाकडे, ही वाटणी करणारा भाग तो हाच. पुष्कळ खोक्यांत क्रॉसओव्हर म्हणजे ट्वीटरच्या वायरीत लावलेला एक कपॅसिटर, बस्स.

आता हिशोब बघा. ८ ओहमच्या ट्वीटरला ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला, तर वाटणी साधारण ४,२०० हर्ट्झवर होते. म्हणजे त्याखालचं जवळजवळ सगळं १५ इंची स्पीकरनं वाजवायचं. आणि १,००० हर्ट्झच्या लहरीची लांबी असते सुमारे ३४ सेंटिमीटर, म्हणजे त्या पडद्याएवढीच. त्याच्या वर गेलं की आवाज पसरत नाही, विजेरीच्या झोतासारखा समोर जातो. समोर बसलेल्याला ऐकू येतं. कडेला बसलेल्याच्या वाट्याला १,००० ते ४,००० हर्ट्झचा खड्डा येतो.

या खड्ड्यात काय पडतं? व्यंजनं. त आणि ट, न आणि ण, ल आणि ळ यांतला फरक कळायला लागणारा बराचसा आवाज इथेच राहतो. जुना लँडलाइन फोन साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढंच पोचवायचा, आणि त्यावर आपले सगळे व्यवहार झाले. खर्ज नव्हता, पण शब्द होता. आपला खोका नेमकं उलट करतो.

हे कुठे बोचतं? नारायणगावात. विठाबाई नारायणगावकरांचं हे गाव. पाडव्याच्या सुमारास इथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच सुपारी द्यायला येतात. तमाशात गण, गवळण, बतावणी, मग वग. सोंगाड्याची कोटी एका अक्षरावर उभी असते. ते अक्षर गेलं की हसू पुढच्या दहा रांगांतच थांबतं. मागचा माणूस कंटाळतो, गाण्याची फर्माईश करतो, आणि मग आपण म्हणतो की लोकांना आता वग नको. सिनेमा-टीव्हीनं आवड बदलली, हे खरंच. पण लोकांना वग नको आहे की ऐकूच येत नाही, हे आधी तपासायला नको का? ढोलकीचंही तेच. धुमाचा घुमारा येतो, शाईचा टणत्कार हरवतो, आणि ढोलकीचा नुसता ढोल होतो.

ज्याला आपण नावं ठेवली त्या पत्र्याच्या भोंग्याची इथे बाजू घ्यावी लागते. तो कर्कश होता, त्याला खर्ज नव्हता, पण निवेदक काय बोलतो ते घाटाच्या टोकापर्यंत कळायचं.

मग करायचं काय? वाटणी खाली आणा, १,५०० हर्ट्झच्या आसपास. त्यासाठी तेवढं खाली झेपणारा ड्रायव्हर आणि हॉर्न लागतो. साधा ट्वीटर तिथे जळेल. ते परवडत नसेल, तर मध्ये ८ इंची स्पीकर बसवा, त्याच्या वेगळ्या बंद कप्प्यात. वरच्या आवाजाच्या वाटेत फिल्म कपॅसिटर घ्या. इलेक्ट्रोलिटिक उष्णतेनं सुकतो आणि त्याचं मूल्य सरकतं. खर्जाच्या वाटेत जाड तांब्याच्या तारेची कॉइल घ्या. बारीक तार तापते आणि ताकद खाते, आणि लोखंडी गाभा लहान असेल तर मोठ्या आवाजाला तो भरून जातो, मग आवाज खरखरतो. शेवटी कुणाचं तरी बोलणं लावा आणि हॉर्नच्या दोन वायरी उलटसुलट करून ऐका. ज्यात शब्द भरीव येतो ती जोडणी ठेवा.

कुणी म्हणेल, जत्रेत ठोकाच लागतो, शब्द कळला नाही तर आवाज वाढवू. तो डाव उलटतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल वाढवावे लागतात, म्हणजे दहापट ताकद. आणि मोठा खर्ज वरच्या आवाजाला झाकतो, म्हणून शब्द आणखी बुडतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. भांडण नेहमी डीजेवाला आणि पोलीस यांच्यात होतं. खोक्याच्या रचनेबद्दल कुणीच बोलत नाही.

याच जुन्नर तालुक्यात खोडदला जीएमआरटी आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० रेडिओ दुर्बिणी. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांना अखंड पत्रा लावला नाही, तारेची जाळी लावली. येणाऱ्या लहरी जाळीच्या छिद्रांपेक्षा कितीतरी लांब, त्यामुळे त्यांना जाळी म्हणजे पत्राच. वजन कमी, वारा आरपार, खर्च आटोक्यात. आधी लहर मोजली, मग सामान निवडलं. आपण आधी सामान घेतो आणि लहरीचा विचार करतच नाही.

तेव्हा पुढचा खोका घेताना समोर उभं राहून छातीत ठोका बसतो का एवढंच बघू नका. तीस पावलं तिरके कडेला जा आणि कुणाला तरी माइकवर ‘काल’ आणि ‘काळ’, ‘ताक’ आणि ‘टाक’, ‘वेल’ आणि ‘वेळ’ म्हणायला सांगा. कुठला शब्द कुठला ते ओळखता आलं, तरच पैसे मोजा.