ख्रिस्तपुराण : प्रशस्तिपत्र की स्मृती?

आळंदीहून निघालेली माउलींची पालखी दरवर्षी विश्रांतवाडीवरून पुण्यात येते. रस्त्याच्या कडेला दर्शनास उभ्या असलेल्या गर्दीत आमच्या धर्मग्रामातील माणसेही असतात. कुणी मूळचे नगरकडचे, कुणी वसईचे, कुणी गोव्याचे. या वारशात आपण केवळ प्रेक्षक आहोत की वारसदार, हा प्रश्न अशा वेळी मनात उभा राहतो. त्याचे आमचे ठरलेले उत्तर आहे : फादर स्टीफन्स आणि त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’. व्यासपीठावर, स्मरणिकेत, मराठी भाषा दिनी आम्ही त्यातील मराठीच्या स्तुतीच्या चार-दोन ओव्या म्हणतो आणि समाधानाने खाली बसतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला. तेव्हापासून तर त्या ओव्यांना नवे निमित्तच मिळाले आहे.

आमची तक्रार आहे ती या समाधानाविषयी. ९५ अवस्वरू (अध्याय) आणि सुमारे ११ हजार ओव्या असलेल्या ग्रंथातील एवढाच भाग आम्ही पाठ करतो, तो ‘आम्हीही मराठीच’ हे दुसऱ्यास पटवून देण्यासाठी. प्रशस्तिपत्र दुसऱ्याला दाखवण्यासाठी असते. स्मृती मात्र आपणच जगावी लागते.

या ग्रंथामागील माणसाचे आयुष्यच या दृष्टीने बोलके आहे. थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडमधील विल्टशायरचे. राणी एलिझाबेथच्या राजवटीत कॅथलिक श्रद्धेने जगणे कठीण झाले होते. १५७५ मध्ये रोम येथे त्यांनी येशूसंघात प्रवेश केला आणि १५७९ मध्ये ते गोव्यास आले. ज्या राष्ट्राने आपल्या पूर्वजांची श्रद्धा परकी ठरवली, त्या राष्ट्राचा हा पुत्र. युरोप म्हणजे एकजीव ख्रिस्ती स्मृती, अशी आमची समजूत असेल तर ती येथेच ढासळते. युरोपातही हा वाद मिटलेला नाही. २००४ मध्ये युरोपीय संघाच्या संविधान-कराराच्या उद्देशिकेत ख्रिस्ती वारशाचा स्पष्ट उल्लेख असावा की नाही, यावर मोठे वादंग झाले. अखेरीस ‘सांस्कृतिक, धार्मिक आणि मानवतावादी वारसा’ अशा मोघम शब्दांवर निभावले, आणि तो करारही १६०५ नव्हे, आमच्याच काळात, २००५ मध्ये फ्रान्स व नेदरलँड्सच्या मतदारांनी नाकारला. राष्ट्र घडते ते सामायिक स्मृतीने आणि तितकेच सामायिक विस्मृतीने, असे अर्नेस्ट रेनां या फ्रेंच विचारवंताने १८८२ मध्येच सांगून ठेवले होते.

विस्मृतीचा हा नियम आम्हांसही लागू आहे. ‘ख्रिस्तपुराणा’च्या प्रारंभी एक बाटलेला ब्राह्मण पाद्रीगुरूंना विनवतो की, आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, तर मग त्यांच्या जागी दुसरे एखादे पुराण आम्हांस का देत नाही? आमच्या मते संपूर्ण ग्रंथाची किल्ली या प्रश्नात आहे. साष्टीत १५६७ मध्ये देवळे पाडली गेली. १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे रुडॉल्फ अक्वाविवा आणि त्यांचे चार येशूसंघीय सहकारी मारले गेले. त्यानंतर पोर्तुगीजांनी गावच्या प्रमुखांना बोलावून घेऊन ठार केले. त्या पाच हुतात्म्यांचे स्मरण आम्ही वेदीवर करतो. गावच्या प्रमुखांचे स्मरण कुंकळ्ळीने दगडी स्मारकात केले आहे. एकाच गावात दोन स्मृती नांदतात. त्यांतील एकच आपली मानून ‘ख्रिस्तपुराण’ वाचणे म्हणजे ते अर्धे वाचणे होय.

स्टीफन्स यांची थोरवी अशी की, रिकामी झालेली जागा त्यांनी ओळखली. ती त्यांनी लॅटिन वा पोर्तुगीज स्तोत्रांनी भरली नाही. ओवीचा छंद, पुराणाची संवादात्मक मांडणी, ‘वैकुंठ’सारखे शब्द, हे सारे त्यांनी ऐकणाऱ्याच्या घरातून उचलले. मर्यादाही आहे : जुन्या देवांविषयी त्यांची भाषा कठोर होते, आणि ब्राह्मणाचा प्रश्न विचारला जातो तो सत्तेच्या सावलीत. हे मान्य केल्याने ग्रंथ लहान होत नाही. उलट, जखमेवर बांधलेली ही ओवी आहे हे कळल्यावर तिचे मार्दव अधिक जाणवते.

पुढची कथा आणखी उद्बोधक आहे. १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापलेल्या या ग्रंथाच्या १६४९ व १६५४ मध्ये पुन्हा आवृत्त्या निघाल्या. १६८४ मध्ये पोर्तुगीज विजरईने तीन वर्षांत स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज बोलण्याचे फर्मान काढले. तरीही ‘ख्रिस्तपुराण’ टिकले, ते हस्तलिखितांत आणि कानडा प्रांतातील ख्रिस्ती कुटुंबांच्या मुखी. त्या परंपरेच्या आधारेच १९०७ मध्ये मंगळूर येथे सालढाणा यांची आवृत्ती निघाली. १९५६ मध्ये पुण्यात शांताराम बंडेलू यांनी ते देवनागरीत आणले. सत्तेला जे नको होते, ते घरांनी जपले.

म्हणूनच आमची वाचकांस विनंती आहे. येत्या उपवासकाळात स्तुतीच्या ओव्या क्षणभर बाजूस ठेवून दुसऱ्या पुराणातील दुःखसहनाचा भाग घरी मोठ्याने वाचावा. आणि त्याआधी त्या ब्राह्मणाचा प्रश्न मुलांस ऐकवावा. पुढल्या आषाढात पालखी विश्रांतवाडीवरून जाईल, तेव्हा कडेला उभ्या असलेल्या त्या मुलांना ओवी ओळखीची वाटेल. मग आपण मराठी आहोत हे कुणास पटवून देण्याची गरज त्यांना भासणार नाही.