चौकटीतील लूट : झाक कालोच्या एका चित्राचे वाचन

झाक कालो (१५९२-१६३५) हा लोरेनमधील नान्सीचा चित्रकार. त्याची ‘युद्धातील हालअपेष्टा आणि आपत्ती’ ही अठरा चित्रांची मालिका इस्राएल आंरिए याने १६३३ मध्ये पॅरिसमध्ये प्रसिद्ध केली. तीतील पाचवे चित्र, सैनिकांनी एका मोठ्या शेतघराची चालविलेली लूट दाखविणारे, अनेकदा मालिकेतून सुटे होऊन काचेखाली, लाकडी चौकटीत, भिंतीवर येते. अशा रीतीने एकटे पाहिलेले चित्र तेच राहते काय, हा प्रश्न वाटतो तितका गौण नाही. कलाकृती स्वयंपूर्ण असते या तत्त्वाचा पुरस्कर्ता होकारार्थी उत्तर देईल. प्रस्तुत चित्राच्या बाबतीत मात्र ते उत्तर टिकत नाही.

प्रथम माध्यमाचा विचार करणे अवश्य आहे. या चित्रास सर्रास ‘कोरीव चित्र’ म्हटले जाते. वस्तुतः ते अम्लरेखन, म्हणजे एचिंग आहे. तांब्याच्या पत्र्यावर रोगणाचा थर देऊन सुईने रेखाटन करावयाचे आणि उघडा पडलेला धातू अम्लाने खाऊ द्यावयाचा, ही त्याची रीत. कालोने नेहमीच्या मऊ थराऐवजी तंतुवाद्ये बनविणारे कारागीर वापरीत त्या जातीचे कठीण रोगण घेतले आणि तिरप्या टोकाच्या हत्याराने रेषेला कोरीव कामासारखा जाड-बारीकपणा आणला. अम्लाचा परिणाम टप्प्याटप्प्याने साधल्यामुळे जवळचे गडद आणि दूरचे फिकट झाले. सुमारे ८ सेंटिमीटर उंची आणि १९ सेंटिमीटर रुंदी एवढ्याच जागेत एक संपूर्ण घर व त्यातील माणसांची गर्दी मावली, ती या कौशल्यामुळे. साहजिकच हे चित्र हातात धरून, डोळ्यांजवळ नेऊन वाचावयाचे आहे. भिंतीवरील अंतरावरून उरतो तो केवळ एका प्रशस्त दालनाचा प्रमाणबद्ध देखावा.

जवळून पाहिले असता या प्रमाणबद्धतेचा अर्थ पालटतो. दालन रंगमंचासारखे आडवे उघडले आहे. कोणी खातपीत आहेत, कोणी सामान उचलीत आहेत, स्त्रियांवर अत्याचार चालले आहेत, आणि विस्तवाच्या जागी एका माणसास उलटे टांगले आहे. ज्या चुलीवर घराचे अन्न शिजावयाचे, तिच्याच आगीवर घरातला माणूस लोंबकळतो. तरीही त्याची आकृती मोठी केलेली नाही किंवा प्रकाश त्याच्यावर एकवटलेला नाही. छळ, जेवण आणि चोरी यांना समान रेषा व समान अवकाश मिळाला आहे. या समभावास कोणी शुष्क अलिप्तता म्हणेल. गोयाने १८१० ते १८२० च्या दरम्यान केलेल्या युद्धचित्रांत एकदोन देह अगदी समोर आणून प्रेक्षकास भिडविले, तसे येथे घडत नाही. परंतु लूट हा एखाद्याचा क्षणिक उन्माद नसून वाटून घेतलेले काम आहे, ही जाणीव या समान वाटणीविणे झाली नसती.

आता मालिकेतील स्थान पाहावे. आरंभी सैन्यभरती आणि लढाई आहे. चौथ्यापासून आठव्यापर्यंतची पाच चित्रे सैनिकांच्या अपराधांची आहेत. नवव्यात अपराधी पकडले जातात, आणि दहाव्यापासून चौदाव्यापर्यंतची पाच चित्रे शिक्षांची आहेत : दोराने उंच खेचून आपटणे, फाशी, गोळ्या घालणे, जाळणे, चाकावर देह मोडणे. पाच अपराध आणि पाच शिक्षा हा तराजू सहज जमलेला नव्हे. त्यानंतर रुग्णालय व रस्त्याकडेला मरणारे सैनिक येतात, आणि अठराव्या चित्रात सिंहासनावरून राजा बक्षिसे वाटतो. हा घाट ध्यानी घेतला, म्हणजे मालिका सरसकट युद्धाचा निषेध करते असे म्हणणे कठीण होते. येथे अभियोग आहे तो शिस्त सोडलेल्या सैनिकावर. कालोने ब्रेडा आणि ला रोशेल येथील वेढ्यांची भव्य चित्रे राजसत्तांसाठीच केली होती, ही गोष्टही याच अर्थास पोषक आहे. लुटीचे चित्र चौकटीत एकटे टांगले की हा अभियोग लोपतो आणि आजच्या प्रेक्षकाची युद्धविरोधी करुणा आयतीच त्यावर आरोपित होते.

तथापि मालिका या तराजूपाशी थांबत नाही. शिक्षा होतात त्या सैनिकांना. त्यांतून शेतकऱ्यास काय परत मिळाले, हे कोठेच दिसत नाही. तो ठळकपणे पुन्हा भेटतो सतराव्या चित्रात, आणि तेथे दबा धरून तो सैनिकांना मारीत आहे, त्यांच्या देहावरील वस्त्रे ओरबाडीत आहे. लुटला गेलेला आता लुटारू झाला आहे. न्यायाचा हिशेब पुरा झाला असता, तर या चित्रास जागाच उरली नसती. राजाच्या बक्षीससमारंभाआधी लगेच ते ठेवून कालोने शेवटच्या चित्रातील सुव्यवस्थेखाली एक न मिटलेले देणे शिल्लक ठेवले आहे. मालिकेचा उघड युक्तिवाद आणि तिची कलात्मक सचोटी यांत येथे अंतर पडते, आणि तिचे थोरपण या अंतरातच आहे.

पाचव्या चित्रातील टांगलेला माणूस सतराव्या चित्रावाचून केवळ दयेचा विषय राहतो. त्यासह वाचला असता तो पुढील हिंसेचे कारण ठरतो. चौकटीतील पुठ्ठ्याची कड पुष्कळदा चित्राखालील पद्यपंक्ती व क्रमांक झाकून टाकते. त्या पंक्ती कालोच्या नव्हेत, त्या मिशेल द मारोल याच्या मानल्या जातात. त्या झाकल्याने चित्राची हानी थोडीच होते. क्रमांकाचे तसे नाही. हे चित्र कशानंतर आणि कशाआधी येते, हे सांगणारा तो एकच आकडा अभ्यासकाने प्रथम शोधला पाहिजे.