हायमेनडॉर्फचे फोटो : बघायचे की वाचायचे?

नेरडीगोंड्याजवळचा कुंतला धबधबा बघायला पुष्कळ जण येतात. आदिलाबादच्या राजगोंडांचे जुने फोटो मात्र लंडनच्या ‘सोआस’मध्ये आहेत, हे थोड्यांनाच ठाऊक असतं. व्हिएन्नाचे मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांचा हा संग्रह आता डिजिटल झालाय, घरबसल्या बघता येतो.

फोटो देखणे आहेत. पण नुसतं ‘किती छान’ म्हणून पुढे जाऊ नये. १९४० साली जोडेघाटला कुमराम भीम मारले गेले, त्यानंतरचा हा काळ. हायमेनडॉर्फ अभ्यासक होते, तसे निजाम सरकारचे सल्लागारही झाले. सण, नाच, पूजा फोटोत उठून दिसतात. हातची गेलेली जमीन फोटोत दिसत नाही. ती त्यांच्या १९४५ च्या ‘ट्रायबल हैदराबाद’ या अहवालांत सापडते. म्हणून दोन्ही शेजारी ठेवूनच बघावं.

दुसरी उणीव नोंदींची. त्याच दशकात मारलवाईला गोंड शिक्षक तयार होऊ लागले, आणि गोंडीची वाचनपुस्तकं देवनागरीत निघाली. आज फोटोंच्या नोंदी मात्र इंग्रजीत! ज्यांचे आजोबा त्यात आहेत, त्यांनी शोधायचं कसं?

१९४३ साली दहा वर्षांचं असलेलं पोर आज नव्वदी ओलांडून गेलंय. चेहरे ओळखणारी माणसं अजून आहेत तोवर फोटो मोबाइलवर घेऊन गावात जायला हवं. विचारायचं, हे कोण? संग्रहाची खरी नोंद तिथेच होईल.