नावडण्याचा हक्क

एखादा चित्रपट फार थोड्यांनी पाहिलेला असला, की त्याच्याबद्दल वाईट बोलणं जवळपास अशक्य होऊन बसतं. ज्यांनी पाहिलेला नाही त्यांना बोलायचा अधिकार नसतो. आणि ज्यांनी पाहिलाय त्यांनी तो मिळवायला इतकी खटपट केलेली असते, की तो फसलेला निघणं त्यांना परवडत नाही. कमल स्वरूप यांच्या ‘ॐ दर-ब-दर’चं बरीच वर्षं हेच झालं.

एनएफडीसीच्या पैशातून १९८८ साली हा चित्रपट पूर्ण झाला. बर्लिनच्या महोत्सवात गेला, फिल्मफेअरचा समीक्षक पुरस्कारही त्याला मिळाला, पण थिएटर काही मिळालं नाही. ते मिळालं थेट जानेवारी २०१४मध्ये, पीव्हीआरनं दुरुस्त केलेली प्रत लावली तेव्हा. मधल्या सव्वीस वर्षांत तो व्हिडिओ कॅसेटवरून, कॅसेटच्या कॅसेटवरून, हातोहात फिरला. तौलनिक साहित्यात एम. ए. करताना मी पाहिलेल्या प्रतीत चेहरे ओळखू येत नव्हते आणि अर्धे संवाद खरखरीत बुडाले होते. पाहून झाल्यावर ‘तुला काय कळलं?’ असं कुणी कुणाला विचारलं नाही. पाहिलाय, एवढंच पुरेसं होतं. ते एक प्रकारचं बिल्ला लावून हिंडणं होतं.

चित्रपट आहे अजमेर-पुष्करचा. सरकारी नोकरी सोडून पत्रिका बघू लागलेले बाबूजी, त्यांची मुलगी गायत्री, श्वास बराच वेळ रोखून धरू शकणारा मुलगा ओम, पुढे बेडूक आणि हिरे. गोष्ट सांगायला गेलं तर हातातून निसटते. खरी गंमत भाषेत आहे. ज्योतिषाची संस्कृतप्रचुर हिंदी, स्पर्धापरीक्षेच्या गाइडातली हिंदी, जाहिरातीची हिंदी, शाळेच्या जीवशास्त्राची हिंदी, या सगळ्या एकाच वाक्यात एकमेकींच्या पायात पाय घालतात. इंग्रजी सबटायटलं अर्थ बरोबर देतात. पण या चार भाषांची एकच स्वच्छ इंग्रजी होऊन जाते, आणि विनोद तिथेच संपतो. उरतं ते फक्त विचित्र. देशाबाहेर या चित्रपटाला जे सुररिअल म्हटलं जातं, त्यातलं थोडं तरी भाषांतरातून आलेलं असावं असा मला दाट संशय आहे. अजमेरच्या माणसाला त्यातलं निम्मं रोजचं वाटेल.

म्हणून के. आर. पुरममध्ये आमच्या घरी तो दाखवायचा ठरवला, तेव्हा ‘दुर्मिळ’, ‘कल्ट’ हे शब्द मी उच्चारले नाहीत. हा भाग काही फिल्म क्लबांचा नाही. इथली ओळख म्हणजे हँगिंग ब्रिज, टिन फॅक्टरीजवळची कोंडी आणि आता मेट्रो. पण एका जिन्यावर पाच भाषा राहतात, आणि माझ्या कामाला ते सोयीचं आहे. आले सात जण. त्यांत दूरवाणीनगरच्या आयटीआयमधून निवृत्त झालेले कन्नड शेजारी होते, ज्यांना आख्खी इमारत अंकल म्हणते. मी दोन पानांचं टिपण केलं होतं. त्यात कथानक नव्हतं. कुठली हिंदी कुठून येते, आणि तिला कन्नडमध्ये, तेलुगूत जवळचं काय, एवढंच होतं. जे मला येत नव्हतं तिथे जागा रिकामी सोडली होती.

पहिला अर्धा तास शीर्षकातच गेला. ‘दर-ब-दर’ला मराठीत ‘दारोदार’ म्हटलं की भिकारी आणि फिरता विक्रेता दोघे येतात, पण बेघरपण तितकंसं येत नाही. त्यासाठी ‘वणवण’ लागतं, आणि त्यात दार नाही. अंकल म्हणाले, ‘बीदिपालु’. रस्त्याच्या वाट्याला गेलेला. दाराऐवजी रस्ता! मला तो शब्द मूळ शीर्षकाइतकाच आवडला, आणि पुढे चित्रपट पाहताना गायत्री कशी दारातून रस्त्यावर आणि रस्त्यावरून पुन्हा दारात ये-जा करते, हे मी पहिल्यांदा नीट पाहिलं.

चित्रपट संपल्यावर अंकलनी जे सांगितलं ते मला या चित्रपटाबद्दल ऐकलेल्या मतांत सर्वांत उपयोगी वाटतं. पत्रिका आणि जनरल नॉलेज हे त्यांचंच तरुणपण होतं. तिथे ते खदखदून हसले. बेडूक आले आणि पुढे सगळं विस्कटत गेलं तेव्हा ते कंटाळले. म्हणाले, पिक्चर आपल्याला बसस्टॉपवर सोडून एकटाच पुढे गेला. मला ते पटलं. उत्तरार्धात कमल स्वरूप यांची कल्पना दमत नाही, पण माणसांवरची नजर सुटते. गायत्री ही या चित्रपटाची सर्वांत जिवंत व्यक्ती. तिचं प्रकरण जिथे रंगात येतं तिथेच चित्रपट ते ओमच्या हवाली करून मोकळा होतो. हे लिहायला मला वीस वर्षं लागली नसती, जर तो चित्रपट आधी साध्या प्रेक्षकापुढे गेला असता.

आता हिंदीचं उदाहरण देऊन मराठी वाचकाला सुटता येणार नाही. याच कमल स्वरूप यांचं नाव १९७६च्या ‘घाशीराम कोतवाल’वर के. हरिहरन, मणी कौल आणि सईद मिर्झा यांच्याबरोबर दिग्दर्शक म्हणून आहे. फिल्म इन्स्टिट्यूटमधून आलेल्या मंडळींची ‘युक्त’ ही सहकारी संस्था, पटकथा तेंडुलकरांची, नाना फडणवीस मोहन आगाशे आणि घाशीराम ओम पुरी, त्यांच्या पहिल्याच चित्रपटात. नाटकाबद्दल आपल्याकडे शेल्फभर लिहिलं गेलंय. आणीबाणीत पुरा झालेला हा चित्रपट मात्र मराठी घरांत जवळजवळ कुणी पाहिलेला नाही. त्याची प्रत टिकली बर्लिनच्या आर्सेनाल संस्थेत, आणि तिथल्या प्रतीवरूनच तो पुन्हा दिसू लागला. योगायोग असा, की कमलेश्वरांच्या कादंबरीवरचा, हरवला असं समजलं गेलेला प्रेम कपूर यांचा ‘बदनाम बस्ती’ (१९७१) हाही २०१९मध्ये आर्सेनालच्याच संग्रहात सापडला. आपले सिनेमे परक्या गावच्या फडताळात राहतात, याचं दुःख करायला हरकत नाही. पण त्यांनी जपले नसते तर दुःख करायलाही काही उरलं नसतं.

चित्रपट कसा आहे? नाटकाच्या मानानं कोरडा. नाटकात ब्राह्मणांची ती माणसांची भिंत, चाल आणि ताल प्रेक्षकाला डोलायला लावतात, आणि मग आपण कुणाबरोबर डोलत होतो हे कळून दचकायला होतं. चित्रपटात कॅमेरा लांब उभा राहतो, शॉट लांबत जातात, डोलायला वाव मिळत नाही. दचकाही मिळत नाही. त्याऐवजी ओम पुरींचा चेहरा मिळतो, सत्ता हाती येण्याआधीचाही आणि नंतरचाही, आणि त्या चेहऱ्यावर नाटकापेक्षा जास्त एकटेपण आहे. मला हा सौदा तोट्याचा वाटतो. दुसऱ्या कुणाला फायद्याचा वाटेल. पण हे भांडण व्हायला दोन्ही बाजूंनी चित्रपट पाहिलेला हवा, आणि मराठीत तो पाहून भांडणारे मला फार भेटलेले नाहीत.

इथून साडेतीनशे किलोमीटरवर, सागर तालुक्यातल्या हेग्गोडूमध्ये, हे आधीच घडून गेलंय. के. व्ही. सुबण्णांच्या नीनासमनं १९७३मध्ये चित्रसमाज सुरू केला, आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे पी. के. नायर आणि फिल्म इन्स्टिट्यूटचे सतीश बहादूर तिथे जाऊन सुपारीच्या बागांत काम करणाऱ्या माणसांबरोबर ‘पाथेर पांचाली’, ‘बायसिकल थीव्ज’, ‘राशोमोन’वर बोलले. नायरांवरच्या ‘सेल्युलॉइड मॅन’मध्ये त्या प्रेक्षकांपैकी काही जण अनेक वर्षांनंतर ते चित्रपट आठवून सांगतात. त्यांच्या बोलण्यात दुर्मिळ काहीतरी मिळाल्याचा दिमाख औषधालाही नाही. गोष्टीतल्या माणसाचं पुढे काय झालं असेल, एवढंच त्यांना पडलेलं असतं.

पुढच्या महिन्यासाठी मी सत्यदेव दुबे यांचा ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९७१) काढून ठेवलाय. छायाचित्रण गोविंद निहलानींचं. ते हे काम शिकले बंगळुरातल्याच जयचामराजेंद्र पॉलिटेक्निकमध्ये, आणि हे सांगितलं की आमच्या जिन्यावर आणखी दोन खुर्च्या भरतील. टिपण करायला घेतलंय. बेणारे बाईंचं बोलणं, शाळामास्तरणीची ती खेळकर, जरा जास्तच स्पष्ट मराठी, कन्नडमध्ये कुणाच्या तोंडी शोभेल, हे अंकलना विचारायचं आहे. त्यांच्या पत्नी शाळेत शिकवायच्या, त्यांनाच विचारलेलं बरं.