‘रणांगण’ आणि आंबागडचा पायथा

विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’ (१९३९) या कादंबरीत रणांगण नाही. युरोपहून मुंबईकडे येणारी आगबोट आहे, जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू आहेत आणि चक्रधर विध्वंस व हॅर्टा यांचे थोड्या दिवसांचे प्रेम आहे. तरीही दूरच्या युद्धाविषयी मराठीत जे लिहिले गेले, त्यात हे शीर्षक मला सर्वांत नेमके वाटते. ‘दूरचे’ म्हणजे किती दूर, हा प्रश्न ही कादंबरी विचारते. तो प्रश्न लढाईपासून लांब असलेल्या एखाद्या गावात बसून तपासायला हवा. मी त्यासाठी आंबागड निवडतो.

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातला हा डोंगरी किल्ला देवगडच्या गोंड राजा बख्त बुलंद शाहचा सरदार राजाखान पठाण याने १७०० च्या सुमारास बांधला. पुढे नागपूरकर भोसल्यांनी त्याचा तुरुंग केला. कैद्यांना आतल्या विहिरीचे साचलेले पाणी पाजीत आणि त्यानेच ते मरत, असे सांगतात. गड बांधला युद्धासाठी; पण लोकांच्या लक्षात राहिली ती विहीर.

याच तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथे मँगेनीजच्या खाणी आहेत. चिखल्याचे काम विसाव्या शतकाच्या आरंभापासूनचे. पोलाद करायला मँगेनीज लागतेच. १९१४ मध्ये दार्दानेल्सची सामुद्रधुनी बंद झाली, जॉर्जियातले खनिज काळ्या समुद्रात अडकले आणि ब्रिटनच्या भट्ट्यांची भिस्त हिंदुस्थानच्या, म्हणजे मुख्यतः मध्यप्रांताच्या, मँगेनीजवर वाढली. ब्रिटिश शिपायाचे नवे शिरस्त्राणसुद्धा मँगेनीज-पोलादाचे होते. वितळलेल्या पोलादाला गाव राहत नाही; पण ज्याने दगड फोडला त्याला गाव होते. फ्रान्समधल्या खंदकांचे नावही न ऐकलेला झाडीपट्टीतला मजूर त्या युद्धाच्या साखळीतली एक कडी होता.

हा संबंध आपल्या युद्धविषयक लेखनात क्वचितच येतो. पानिपतची बातमी पेशव्यांना सावकारी पत्रातून कळली, ही कथा मराठी माणसाला पाठ असते. मोती, मोहरा आणि खुर्दा यांच्या भाषेत माणसे मोजलेले ते पत्र आजही अंगावर येते, कारण त्यातले नुकसान वाचणाऱ्याच्या घरचे होते. परक्या युद्धाचे भाष्यकारही हिशेब मांडतात: इतके रणगाडे, इतकी विमाने, इतके मैल पुढे. त्या हिशेबात वाचकाचे खाते मात्र नसते. तो नकाशासमोर बसलेला प्रेक्षक असतो. बाजू घेतो, हळहळतो आणि जेवायला उठतो.

‘रणांगण’ या प्रेक्षकालाच नायक करते. चक्रधर दुष्ट नाही. तो ऐकतो, गुंततो. गंमत म्हणून सुरू झालेले त्याचे प्रेम खरे होते. पण मुंबईला तो उतरतो, कारण त्याला उतरायला बंदर आहे. हॅर्टाला ते नाही. पुढच्या प्रवासात ती जीव देते आणि हे आपल्याला पत्रांतून कळते. पत्रांचा हा शेवट केवळ कारुण्यासाठी नाही. पत्र हाती येते तेव्हा काही करण्याची वेळ निघून गेलेली असते. बोटीवर दोघांमध्ये हातभर अंतर होते आणि वेळही होती. युद्ध ‘दूरचे’ झाले ते चक्रधर उतरला त्या क्षणी. अंतर भूगोलाने दिले नव्हते. ते त्याने निवडले होते.

कादंबरीची मर्यादाही इथेच आहे. बेडेकर सारा जाब एका माणसाच्या मनाला विचारतात. त्यामुळे ‘मी चक्रधर नाही’ असे म्हणून वाचक सुटू शकतो. खाणीच्या बाजूने पाहिले तर ही सुटका नाही. तिथे प्रेम नाही, विश्वासघात नाही, मजुरी आहे. मजुराला दोषी म्हणणे अन्यायाचे, पण त्याचा युद्धाशी संबंध नव्हता म्हणणे खोटे. दोष आणि संबंध या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. आपल्या समीक्षेने त्या वेगळ्या केल्या नाहीत, म्हणून युद्धसाहित्याबद्दल बोलताना आपण एकतर अपराधगंड तरी मिरवतो किंवा हात तरी झटकतो.

आज युक्रेन आणि गाझा रोज रात्री मोबाइलवर येतात. त्यांवर कविता होतात, परिसंवाद होतात, आणि होऊ द्यावेत. फक्त त्या लेखनाला एक प्रश्न विचारावा: यात वाचक कुठे उभा आहे? तो नुसता पाहतो आहे, की त्याच्या अंगणातून काही निघून तिथे पोचते आहे, हे लेखकाने शोधले आहे? ‘रणांगण’ने या प्रश्नाचा अर्धा भाग १९३९ मध्येच विचारला. उरलेला अर्धा चिखल्याच्या दगडात आहे, आणि त्याची कादंबरी अजून लिहायची आहे.