कार्निटिन आणि हृदयविकार : एकशेएक रुग्णांची साक्ष

जालना जिल्ह्याची ओळख बियाण्यांमुळे देशभर झाली. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली 'महिको' ही कंपनी येथेच सुरू केली. बियाण्याची उगवणशक्ती तपासताना प्रयोगशाळेत साधारणपणे ४०० दाणे, शंभर-शंभरांचे चार गट करून, मांडतात. दहा दाणे चांगले उगवले म्हणून पोत्यावर कोणी शिक्का मारत नाही. हीच कसोटी औषधावरील संशोधनाला लावली तर काय दिसते? हृदयविकार आणि कार्निटिन यांवरील निबंध या दृष्टीने वाचण्यासारखे आहेत.

कार्निटिन हा पदार्थ १९०५ साली मांसाच्या अर्कात सापडला आणि मांस या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याचे नाव पडले. पेशीतील तंतुकणिकांमध्ये मेदाम्ले जळून ऊर्जा मिळते. पण लांब साखळीची मेदाम्ले तंतुकणिकेच्या आतल्या पटलातून आपली आपण जाऊ शकत नाहीत. त्यांना आत नेणारा हमाल म्हणजे कार्निटिन. हृदयाच्या स्नायूला लागणारी बरीचशी ऊर्जा मेदाम्लांपासूनच मिळते. रक्तपुरवठा तुटला की त्या स्नायूतील कार्निटिन कमी होते. मग झटका आलेल्या रुग्णाला ते वरून दिले तर? कल्पना तर्काला धरून आहे. परंतु तर्क म्हणजे पुरावा नव्हे.

आपल्याच देशातील एक निबंध येथे तपासू. मोरादाबादचे डॉ. आर. बी. सिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो १९९६ साली 'पोस्टग्रॅज्युएट मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध केला. झटका आल्याचा संशय असलेल्या १०१ रुग्णांपैकी ५१ जणांना २८ दिवस रोज २ ग्रॅम कार्निटिन आणि ५० जणांना तसेच दिसणारे निरुपद्रवी द्रव्य देण्यात आले. कोणाला काय मिळते हे रुग्णाला ठाऊक नव्हते आणि डॉक्टरांनाही नव्हते. ही आखणी निर्दोष आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. मृत्यू किंवा पुन्हा झटका यांचे प्रमाण कार्निटिनच्या गटात १५.६ टक्के, तर दुसऱ्या गटात २६ टक्के असे दिले आहे. वाचताना फरक मोठा वाटतो. पण टक्क्यांची माणसे करून पाहा : ५१ पैकी ८ आणि ५० पैकी १३. म्हणजे सारा फरक पाच माणसांचा!

हा फरक निव्वळ योगायोगाने पडू शकेल काय? वर्गातच तपासता येईल. हरभऱ्याचे १०१ दाणे घ्या, त्यांतील २१ शाईने रंगवा, पिशवीत घालून हलवा आणि न पाहता ५१ दाणे बाहेर काढा. रंगीत दाणे मोजा, फळ्यावर आकडा लिहा, दाणे परत टाका. येथे औषध नाही, रोग नाही; तरीही दर शंभर वेळांत पंधराएक वेळा रंगीत दाणे आठ किंवा त्याहून कमी निघतील. योगायोगाची शक्यता विसात एकाहून कमी असावी, असा शास्त्रज्ञांचा सर्वसाधारण संकेत आहे. हा आकडा त्यात बसत नाही.

निबंधात छातीत कळ येण्याचे प्रमाण १७.६ विरुद्ध ३६ टक्के दिले आहे. हा फरक कसोटीला उतरतो, हेही सांगायला हवे. मात्र एकाच प्रयोगात अनेक गोष्टी मोजल्या की त्यांतील एखादी योगायोगानेही उतरते. शिवाय २००५ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल' आणि 'लॅन्सेट' या नियतकालिकांनी डॉ. सिंग यांच्या आहारविषयक प्रत्येकी एका निबंधातील माहितीविषयी जाहीर शंका नोंदवली. ती कार्निटिनच्या निबंधाविषयी नव्हती, म्हणून तिच्यावरून हा निबंध खोटा ठरवणे अन्यायाचे होईल. पण इतरांनी तोच प्रयोग करून पाहण्याची गरज तिने नक्कीच वाढवली.

इतरांनी तो केलाही. इटलीत २,३३० रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांत मृत्यू किंवा हृदय निकामी होणे यांचे प्रमाण ९.२ आणि १०.५ टक्के निघाले. हा फरक निर्णायक नव्हता. पहिल्या पाच दिवसांतील मृत्यू मात्र कमी दिसले. २०१३ साली १३ चाचण्यांमधील ३,६२९ रुग्णांचा एकत्रित हिशेब मांडण्यात आला. त्यात मृत्यू २७ टक्क्यांनी कमी दिसले, पण हृदय निकामी होणे किंवा पुन्हा झटका येणे कमी झाल्याचे दिसले नाही. मग मृत्यू कशाने टळले? ही विसंगती नजरेआड करता येत नाही.

त्याच वर्षी 'नेचर मेडिसिन'मध्ये नेमकी उलट बाजू पुढे आली. आतड्यातील जीवाणू कार्निटिनपासून एक वायुरूप द्रव्य तयार करतात आणि यकृत त्याचे टीएमएओ या संयुगात रूपांतर करते. कार्निटिन खाऊ घातलेल्या उंदरांच्या धमन्यांत मेदाचे थर वाढले. प्रतिजैविके देऊन जीवाणू दाबल्यावर ते तसे वाढले नाहीत. शाकाहारी माणसांत हे संयुग फारच कमी तयार होते. मात्र माशांमध्ये टीएमएओ मुळातच भरपूर असते, तेव्हा त्यालाच एकमेव आरोपी ठरवण्याची घाईही नको.

तात्पर्य, कार्निटिनला हृदयाचे औषध म्हणून शिक्का मारण्याइतका पुरावा जमलेला नाही, आणि त्याला विष ठरवण्याइतकाही नाही. निरोगी माणसाचे शरीर लायसिन व मेथिओनिन या अमिनो आम्लांपासून ते स्वतःच तयार करते. शाकाहाऱ्यांचेही त्यावाचून अडत नाही. म्हणून पावडरीच्या डब्यावर हृदयाचे चित्र दिसले की विद्यार्थ्यांनी तीन प्रश्न विचारावेत : रुग्ण किती होते? फरक किती माणसांचा होता? आणि दुसऱ्या कोणी तोच प्रयोग करून पाहिला का? डॉक्टरांनी दिलेली गोळी थांबवून हा डबा आणणारा पालक भेटला, तर हे प्रश्न त्याच्यापर्यंतही पोचवावेत. बियाण्याची पिशवी घेताना तो एवढी चौकशी करतोच.